रुग्णालयाच्या बेडवर नॅनो चांदीचा थर: काय टिकते आणि काय पहिल्याच फडक्यात जाते

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीत हॉस्पिटल फर्निचरचे युनिट आहे: बेड, बेडसाइड लॉकर, सलाइन स्टँड. माल एमएस (साधे पोलाद) पाइप आणि सीआर (कोल्ड रोल्ड) शीटचा, पावडर कोटिंग (कोरडी रंगपूड फवारून भाजणे) बाहेर जॉबवर्कने होते. एका रुग्णालयाच्या निविदेत ‘अँटिबॅक्टेरियल नॅनो कोटिंग’ अशी अट आली आहे. एक विक्रेता पाण्यासारखा नॅनो सिल्व्हर स्प्रे देतो आणि तयार मालावर मारला की ९९.९ टक्के जंतू मरतात असे सांगतो. तो घ्यावा का, स्वतः काही करता येईल का, आणि रुग्णालयाला कागदावर काय द्यायचे?

स्प्रे घेऊ नका. कारण शेवटी साधा हिशोब आहे. अशा द्रवात चांदी साधारण ५० पीपीएम, म्हणजे लिटरला ५० मिलिग्रॅम असते असे धरा. चौरस मीटरला ३० मिली मारले तर पृष्ठभागावर फक्त दीड मिलिग्रॅम चांदी बसते, आणि तिला धरून ठेवणारे काहीच नसते. त्यात बाइंडर नाही, भाजणी नाही. वॉर्डातल्या मावशींनी हायपोचे (सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाचे) फडके एकदा फिरवले की बहुतेक चांदी फडक्यात जाते. विक्रेत्याचा रिपोर्ट खोटा असेलच असे नाही, पण तो फडके न लागलेल्या पट्टीवरचा असतो. या धंद्यात ‘जंतू मरतात का’ या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, कारण ताज्या थरावर जवळजवळ सगळ्यांचेच मरतात. सहा महिने पुसल्यावर मरतात का, हे विचारायला हवे. पुढचे सगळे त्याच अंगाने लिहिले आहे.

चांदी जंतू मारते ती कण म्हणून कमी आणि आयन (विद्युतभारित अणू) म्हणून जास्त. नॅनोकणाच्या पृष्ठभागावर हवेतला ऑक्सिजन आणि ओलावा यांमुळे चांदी थोडी थोडी आयनरूपात सुटते. हे आयन जिवाणूच्या प्रथिनांमधल्या गंधकयुक्त गटांना चिकटतात, पटल आणि विकरे निकामी करतात. कण लहान केला की तेवढ्याच चांदीचा पृष्ठभाग वाढतो: १०० नॅनोमीटरच्या कणांचा पृष्ठभाग ग्रॅमला साधारण ६ चौरस मीटर, तर १० नॅनोमीटरच्या कणांचा ५७. ‘नॅनो’चा फायदा मुख्यतः एवढाच आहे. तोटाही त्यातच आहे: कण जेवढा बारीक तेवढी चांदी लवकर सुटते आणि साठा लवकर संपतो. ओलावा आणि ऑक्सिजन नसेल तर आयन सुटत नाहीत, म्हणून कोरड्या ठणठणीत पृष्ठभागावर चांदी फार संथ असते. ही गोष्ट टेस्ट रिपोर्टमध्ये कुठेच दिसत नाही, का ते पुढे येईल.

निविदेत ‘नॅनो’ लिहिले की लोक टायटॅनियम डायऑक्साइडकडेही वळतात. वॉर्डातल्या बेडसाठी ते सोडून द्या. अ‍ॅनाटेज टायटॅनियाला काम करायला ३८८ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश, म्हणजे अतिनील, लागतो. एलईडीच्या उजेडात तो जवळपास नसतोच. शिवाय उन्हात ते जंतूंबरोबर आपल्याच रेझिनलाही खाते आणि थर खडूसारखा सुटू लागतो. पांढऱ्या पावडर कोटिंगमध्ये टायटॅनियम असतेच, असे कोणी सांगेल. ते रूटाइल प्रकारचे असते आणि रेझिन खाऊ नये म्हणून त्याच्या कणांवर मुद्दाम अ‍ॅल्युमिना-सिलिकाचे आवरण दिलेले असते. त्याचा जंतूंशी संबंध नाही.

झिंक ऑक्साइड स्वस्त आहे आणि रंग बिघडवत नाही, पण परिणाम दिसायला थरात २ ते ५ टक्के लागते आणि ते आम्लात विरघळते. डिस्केलर किंवा टॉयलेट क्लीनर वापरणाऱ्या ठिकाणी ते टिकत नाही. तांबे मात्र कोरड्यातही खरोखर चांगले काम करते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८ मध्ये तांब्याच्या मिश्रधातूंना दोन तासांत ९९.९ टक्के जिवाणू मारण्याच्या दाव्यासह नोंदणी दिली, ती उगाच नव्हे. त्यामुळे लॉकरचे हँडल किंवा दाराची मूठ यासाठी रुग्णालयाची तयारी असेल तर लेप सोडून किमान ६० टक्के तांबे असलेली पितळी मूठ सुचवा. त्यावर लॅकर मारू नका, नाहीतर तांबे झाकले जाऊन उपयोग शून्य. ती काळवंडते, ते आधीच सांगून ठेवा.

पावडरमध्येच मिसळलेली चांदी

तुमच्या धंद्याला सगळ्यात सोयीचा रस्ता हा आहे, कारण तुमची लाइन बदलत नाही. पावडर बनवणाऱ्या कंपनीकडून अँटिमायक्रोबियल ग्रेडची पावडर मागवायची. त्यात चांदी झिओलाइट (सच्छिद्र खनिज), फॉस्फेट काच किंवा झिर्कोनियम फॉस्फेट अशा वाहकात बसवलेली असते. हे वाहक २०० अंशाची भाजणी सहन करतात आणि ओलाव्यात चांदीचे आयन हळूहळू सोडतात: झिओलाइट आणि झिर्कोनियम फॉस्फेट सोडियमच्या बदल्यात, फॉस्फेट काच स्वतः हळूहळू विरघळून. हे कण सहसा काही मायक्रॉनचे असतात, म्हणजे काटेकोरपणे नॅनो नव्हेतच. रुग्णालयाला हे मोकळेपणाने सांगा. त्यांना हवा असतो परिणाम; निविदेतला शब्द बहुतेक वेळा कोणाच्या तरी कॅटलॉगातून उचललेला असतो. निविदापूर्व बैठकीत लेखी खुलासा मागितला तर ‘आयएसओ २२१९६ नुसार चाचणी केलेला पृष्ठभाग’ (ही जिवाणू मारण्याची क्षमता मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत) अशी दुरुस्ती करून मिळू शकते.

मिश्रण कसे केले आहे हे मात्र विचारा. अ‍ॅडिटिव्ह पावडरच्या एक्स्ट्रुजनमध्ये, म्हणजे रेझिन वितळलेल्या अवस्थेत, गेलेले हवे. तयार पावडरमध्ये वरून घालून ड्रममध्ये फिरवलेले असेल तर गनमधल्या विद्युतभारामुळे अ‍ॅडिटिव्ह आणि रेझिनचे कण वेगवेगळे वागतात. एका बेडवर जास्त चांदी, दुसऱ्यावर कमी. आणि बूथमधून गोळा केलेल्या रिक्लेम पावडरमध्ये तर काय प्रमाण उरले याचा भरवसाच नाही. जॉबवर्कवाल्याकडे या मालासाठी रिक्लेम वापरायचे नाही, किंवा नव्या पावडरमध्ये ठरावीक प्रमाणात मिसळून त्या बॅचची पट्टी वेगळी तपासायची, हे ऑर्डरवरच लिहा.

७० मायक्रॉनचा थर म्हणजे चौरस मीटरला साधारण १०५ ग्रॅम पावडर. अ‍ॅडिटिव्ह १ टक्का आणि त्यात चांदी २ टक्के धरली तर २१ मिलिग्रॅम चांदी बसते. पण यातली बहुतेक खाली गाडली जाते. भाजलेले पॉलिस्टर पाणी फार कमी पिते, म्हणून वरच्या काही मायक्रॉनमधलेच कण कामाचे. जाड थर दिल्याने चांदी ‘जास्त’ होत नाही, फक्त पैसे जास्त जातात. फिनिश गुळगुळीत ग्लॉस किंवा सेमी ग्लॉस घ्या. टेक्स्चर फिनिश ओरखडे लपवते म्हणून तुम्हाला आवडत असेल, पण त्याच्या खळग्यांत मळ बसतो, आणि मळाच्या थरावर बसलेला जिवाणू चांदीला कधी भेटतच नाही.

प्री-ट्रीटमेंट नेहमीचीच, सात टाकीची: डिग्रीसिंग, पाणी, डीरस्टिंग, पाणी, फॉस्फेटिंग, पाणी, पॅसिव्हेशन. भाजणी धातूचे तापमान १८० ते २०० अंशांवर आल्यापासून १० ते १५ मिनिटे मोजा, ओव्हनच्या मीटरवरून नव्हे. जाड पाइपचा बेड आणि पातळ शीटचा लॉकर एकाच लोडमध्ये गेले की बेड कच्चा राहतो, आणि कच्चा थर हायपोने मऊ पडतो. एमईके (मिथाइल इथाइल कीटोन) या सॉल्व्हंटमध्ये भिजवलेल्या कापसाने थोडे घासून पाहा. रंग कापसावर उतरला आणि जागा मऊ पडली तर भाजणी अपुरी.

वरून द्यायचा पातळ सोल-जेल थर

स्टेनलेसच्या मालावर, किंवा आधीच पावडर कोट झालेल्या मालावर खरोखर नॅनो स्वरूपातला थर हवा असेल तर हा रस्ता आहे: द्रव सायलेनपासून पातळ, काचेसारखा सिलिकाचा थर तयार करायचा. यात नॅनोकण विकत आणायची गरज नाही. सिल्व्हर नायट्रेट घालून थर भाजला की त्यातल्या सेंद्रिय भागामुळे चांदीचा काही भाग थरातच नॅनोकणांच्या रूपात तयार होतो आणि सिलिकाच्या जाळ्यात अडकून राहतो. कोरडी नॅनोपावडर हाताळण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षितही आहे.

चाचणी बॅचसाठी प्रमाण असे घ्या. काचेच्या भांड्यात आयसोप्रोपेनॉल ५० मिली, टीईओएस (टेट्राएथॉक्सी सायलेन) ५० मिली आणि जीपीटीएमएस (ग्लायसिडॉक्सी सायलेन) ५० मिली एकत्र ढवळा. वेगळ्या बाटलीत एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात ०.६५ मिली तीव्र नायट्रिक आम्ल घालून ०.०१ मोलर द्रावण करा. आम्ल पाण्यात घालायचे, उलट नाही. त्यातले २८ मिली सायलेनच्या मिश्रणात २० मिनिटांत थेंब थेंब सोडा. सुरुवातीला मिश्रण गढूळ दिसते, मग थोडे गरम होऊन स्वच्छ होते. झाकण लावून किमान चार तास, जमल्यास रात्रभर ढवळत ठेवा. मग आणखी ३५ मिली आयसोप्रोपेनॉल आणि १५ मिली मेथॉक्सी प्रोपेनॉल घाला. फवारणीच्या दिवशी ०.४ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट २ मिली डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून मंद उजेडात मिसळा. भाजल्यावर या बॅचमधून साधारण ५१ ग्रॅम घन थर मिळतो आणि त्यात चांदी अर्धा टक्का बसते. मिश्रण गडद बाटलीत ठेवा. चांदी घातलेले त्याच दिवशी संपवा. बिनचांदीचे फ्रिजमध्ये काही दिवस राहते, पण घट्ट होऊ लागले की थिनर घालून वाचवायचा प्रयत्न करू नका.

इथे एक चूक हमखास होते. सोल-जेलच्या बहुतेक प्रचलित कृतींमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल सांगितलेले असते. चांदी घालायची असेल तर ते चालत नाही, लगेच सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका बसतो. म्हणून नायट्रिक. हीच गोष्ट पाण्याची. महापालिकेचे नळाचे पाणी क्लोरीन घातलेले असते, बोअरच्या पाण्यात क्षार असतात. दोन्हींनी द्रव दुधाळ होतो. भांडीसुद्धा शेवटी डिस्टिल्ड पाण्याने विसळलेली हवीत. मिश्रण दुधाळ झाले की त्यातली बरीचशी चांदी कामातून गेली असे समजून बॅच बाजूला काढा.

पृष्ठभागाची तयारी. स्टेनलेस असेल तर अल्कलाइन क्लीनरने धुऊन डिस्टिल्ड पाणी ओता. पाण्याचा पापुद्रा ३० सेकंद न तुटता राहिला तर तेल गेले. पाणी थेंबांमध्ये गोळा झाले तर पुन्हा धुवा. बफिंगचे मेण शीटच्या कडांना आणि वेल्डच्या खाचांना हट्टाने राहते, तिथेच थर सुटतो. पावडर कोटवर द्यायचा असेल तर अति बारीक स्कॉच-ब्राइटने हलकेच चमक घालवा, धूळ काढा, आयसोप्रोपेनॉलने पुसा. त्याच शेडमध्ये कोणी सिलिकॉन स्प्रे वापरत असेल तर थरात माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडतात. ते फवारणीने झाकले जात नाहीत, सिलिकॉनच शेडबाहेर काढावे लागते.

एचव्हीएलपी (कमी दाबाची) फवारणी गन, ०.८ ते १ मिमी नोझल, दाब २ बारच्या आत. दोन मायक्रॉनच्या कोरड्या थरासाठी पृष्ठभागावर चौरस मीटरला साधारण १३ मिली बसले पाहिजे. अर्धे हवेत जाते असे धरून २५ मिली मोजून घ्या. १० मिनिटे हवेवर, मग १५० अंशांवर एक तास. सहा चौरस मीटरच्या बेडला १५० मिली लागते. प्रत्यक्ष थरात चांदी बसते चौरस मीटरला १४ मिलिग्रॅम, म्हणजे पूर्ण बेडवर ०.१ ग्रॅमही नाही. चांदीचा भाव वाढला म्हणून कोटिंग महाग, असे कोणी सांगितले तर हा आकडा समोर ठेवा. खर्च असतो तो पृष्ठभागाच्या तयारीचा, भाजणीचा आणि चाचण्यांचा.

हवा इथे फार महत्त्वाची. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता चढलेली असते. आयसोप्रोपेनॉल उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर ओल धरते आणि थर पांढुरका येतो. एप्रिल-मेच्या दुपारी उलट होते: थेंब पृष्ठभागावर पोचायच्या आधीच कोरडे पडतात आणि हाताला वाळूसारखे लागते. सावकाश उडणारे मेथॉक्सी प्रोपेनॉल दोन्हींवर उतारा आहे म्हणून ते १५ मिली घातले. पावसाळ्यात ते २५ मिलीपर्यंत न्या आणि तेवढे आयसोप्रोपेनॉल कमी करा. माल शेडच्या तापमानापेक्षा ५-१० अंश गरम ठेवूनच फवारा. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर असेल तर त्या दिवशी थांबणे स्वस्त पडते.

तडे गेले तर थर जाड झाला आहे. निव्वळ टीईओएसचा थर एका मायक्रॉनच्या आसपासच तडकू लागतो. जीपीटीएमएसमुळे लवचीकपणा येतो, पण तरी पाइपच्या खालच्या बाजूला ओघळ जमतो तिथे आणि वेल्डच्या कोपऱ्यात तडे दिसतातच. जाड एक हात देण्यापेक्षा पातळ दोन हात द्या. पिवळसर झाक येणे हा दोष नव्हे: चांदीचे नॅनोकण ४०० ते ४२० नॅनोमीटरच्या निळ्या-जांभळ्या प्रकाशाला शोषतात म्हणून ती येतेच. पांढऱ्या लॉकरवर ती दिसते, क्रीम किंवा राखाडीवर जवळपास दिसत नाही. रंगाची निवड आधीच रुग्णालयाशी बोलून करा. झाक तपकिरी झाली तर मात्र चांदी जास्त झाली, मिश्रण उजेडात राहिले, किंवा ओव्हन जास्त तापला. आणि महिन्यांनंतर काळपट पडू लागले तर ते गंधकाचे काम; पैंजण काळे पडतात तसेच.

जवळ उभे राहून बेडचा साइड रेल पाहा, म्हणजे थराचे काय होते ते कळेल. वरच्या पाइपवर रुग्णाचा, नातेवाइकाचा, नर्सचा हात सतत पडतो. तिथे घामातले मीठ आणि फडके दोन्ही लागतात, म्हणून चांदी आधी तिथली संपते. रेल खाली सोडायचा खटका सगळे दाबतात पण पुसत कोणी नाही. तिथे थर शाबूत असतो, वर मळ. स्ट्रेचर आपटून कोपऱ्यावर पोपडा उडतो आणि खालचे लोखंड उघडे पडते. तिथे थर नाही आणि गंज आहे, जंतूंना लपायला उत्तम. म्हणून चाचणीची पट्टी गुळगुळीत शीटची असली तरी टिकाऊपणाची तपासणी रेलच्या तुकड्यावर करा. आणि रेल सुटा, बदलता येईल असा ठेवा.

चाचणी: रिपोर्ट कसा घ्यायचा आणि कसा वाचायचा

आयएसओ २२१९६ किंवा त्याची जपानी मूळ पद्धत जेआयएस झेड २८०१ ही प्रचलित आहे. ५० बाय ५० मिमीच्या पट्टीवर ०.४ मिली जिवाणूंचा द्रव, मिलीला साधारण सहा लाख पेशी, टाकतात. वर ४० बाय ४० मिमीची प्लॅस्टिक फिल्म ठेवतात. ३५ अंश आणि ९० टक्क्यांवर आर्द्रतेत २४ तास ठेवून उरलेले जिवंत जिवाणू मोजतात. एस. ऑरियस आणि ई. कोलाय असे दोन जिवाणू. प्रत्येक जिवाणूसाठी थर दिलेल्या तीन पट्ट्या आणि बिनथराच्या सहा लागतात, त्यांतल्या तीन लगेच मोजायला आणि तीन २४ तासांनी. सगळ्या पट्ट्या एकाच शीटमधून कापा, म्हणजे फरक थराचाच असेल.

उदाहरणाने पाहा. २४ तासांनी बिनथराच्या पट्टीवर लॉग ५.० (म्हणजे एक लाख पेशी) आणि थराच्या पट्टीवर लॉग २.१ आले, तर अ‍ॅक्टिव्हिटी व्हॅल्यू २.९, म्हणजे ९९.८७ टक्के घट. जपानी मानकानुसार २.० किंवा जास्त म्हणजे परिणामकारक. रिपोर्टमध्ये फक्त टक्केवारी असेल आणि बिनथराच्या पट्टीचे आकडे नसतील तर तो रिपोर्ट मान्य करू नका. सुरुवातीला बिनथराच्या पट्टीवर चौरस सेंटिमीटरला ६,२०० ते २५,००० च्या दरम्यान पेशी मिळाल्याच पाहिजेत. नाहीतर चाचणीच अवैध आहे.

आता टेस्ट रिपोर्टमध्ये न दिसणारी ती गोष्ट. ही चाचणी २४ तास ओल्या, ३५ अंशांच्या, प्रथिने जवळपास नसलेल्या पृष्ठभागावर होते. बेडच्या रेलवर शिंकेचा थेंब काही मिनिटांत वाळतो आणि त्यात कफ-प्रथिने असतात, जी चांदीचे आयन बांधून टाकतात. म्हणजे २२१९६ चा उत्तम निकाल ही किमान पात्रता आहे, वॉर्डातल्या कामगिरीचा दाखला नाही. डॉक्टरांना हे सांगितले तर ते माल नाकारत नाहीत, उलट विश्वास ठेवतात.

लॅबला दोन प्रश्न जरूर विचारा. पहिला, न्यूट्रलायझर (चांदीचा परिणाम थांबवणारे रसायन) कोणता? थरातून सुटलेली चांदी मोजणीच्या ब्रॉथमध्येही जिवाणू मारत राहते आणि निकाल फुगतो. नेहमीचा एससीडीएलपी ब्रॉथ क्वाटसाठी (क्वाटर्नरी अमोनियम जंतुनाशकांसाठी) ठीक. चांदीसाठी थायोग्लायकोलेट आणि थायोसल्फेट असलेला न्यूट्रलायझर हवा, आणि तो पुरतो याची पडताळणी रिपोर्टमध्ये हवी. दुसरा, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या व्याप्तीत नेमकी हीच चाचणी आहे का? लॅबला मान्यता असते, पण या चाचणीला असेलच असे नाही. एनएबीएलच्या संकेतस्थळावर व्याप्ती पाहता येते. अगरच्या प्लेटवर थराभोवती मोठा स्वच्छ गोल दाखवणारे फोटो विक्रेते आवडीने देतात. मोठा गोल म्हणजे चांदी वेगाने बाहेर पळते आहे. पुसल्या जाणाऱ्या पृष्ठभागासाठी ती वाईट बातमी आहे.

स्वतः संशोधनाच्या अंगाने पुढे जायचे असेल तर पुण्यात सोय चांगली आहे. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, तिथून शुद्ध वाण मिळतात. आघारकर संशोधन संस्थेत नॅनो चांदीवर दीर्घकाळ काम झाले आहे. जिवाणूंचे काम मात्र शेडच्या कोपऱ्यात करू नका, ते लॅबमध्येच.

टिकाऊपणासाठी ताज्या पट्ट्यांबरोबर झिजवलेल्या पट्ट्यांचा वेगळा संच पाठवा, इथे पैसे वाचवू नका. दिवसातून दोनदा पुसले तर वर्षाला ७३० फडकी होतात. रुग्णालय वापरते तेच जंतुनाशक घ्या, बहुधा १ टक्का हायपो आणि ७० टक्के अल्कोहोल, आणि ठरावीक वजनाच्या ठोकळ्याला फडके गुंडाळून ७३० वेळा पुसा. मग पट्टी डिस्टिल्ड पाण्याने नीट धुवा. हायपोचा अंश राहिला तर जिवाणू तोच मारेल आणि श्रेय थराला जाईल. हायपो चांदीचे क्लोराइड करून टाकतो आणि आयन सुटणे मंदावते, म्हणून हा संच बहुतेक थरांना जड जातो. या संचावरही २.० टिकले तर थर विकण्यासारखा आहे.

स्वस्तात अंदाज घ्यायला एक पट्टी ५० मिली डिस्टिल्ड पाण्यात ४० अंशांवर सात दिवस ठेवा, पाणी रोज बदला आणि आयसीपीवर (पाण्यातले धातू मोजणारे लॅबचे उपकरण) चांदी मोजून घ्या. वरच्या कृतीतल्या पट्टीवर एका बाजूला एकूण ३५ मायक्रोग्रॅम चांदी आहे. मागची बाजू आणि कडा टेपने बंद करा. पहिल्याच दिवशी पाण्यात ३५० पीपीबी (लिटरला ३५० मायक्रोग्रॅम) आली तर निम्मी चांदी गेली: भाजणी कमी पडली आहे किंवा चांदी जाळ्यात न बसता वर राहिली आहे. पहिल्या दिवशी थोडी आणि मग रोज जवळपास सारखी सुटत असेल तर घडी बसली. चिकटपणासाठी क्रॉस-कट चाचणी (थरावर जाळीसारखे चर पाडून) आयएसओ २४०९ प्रमाणे, स्टेनलेसवरच्या पातळ थराला १ मिमी आणि ६० मायक्रॉनपेक्षा जाड थराला २ मिमी अंतराची, झिजवण्याआधी आणि नंतर.

कागदावर काय लिहायचे

‘संसर्ग रोखतो’, ‘निर्जंतुक पृष्ठभाग’, ‘कोविडपासून संरक्षण’ यांतले काहीही लिहू नका. विषाणूंचा दावा करायचा तर चाचणी वेगळी, आयएसओ २१७०२. क्लॉस्ट्रिडियम या जिवाणूच्या बीजाणूंवर चांदीचा भरवसा नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. लिहायचे ते असे: ‘आयएसओ २२१९६ नुसार २४ तासांत एस. ऑरियस व ई. कोलायमध्ये अमुक लॉग घट. ७३० वेळा पुसल्यानंतर अमुक. नेहमीची स्वच्छता व निर्जंतुकीकरण चालू ठेवणे आवश्यक.’ शेवटचे वाक्य गाळू नका. थर आहे म्हणून पुसणे कमी झाले तर रुग्णाचे नुकसानच होईल. आणखी एक: चांदीला न जुमानणारे जिवाणू ही कल्पना नाही, १९७५ मध्येच बोस्टनच्या एका भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात असा साल्मोनेला जिवाणू आढळला होता. म्हणून बेडच्या प्रत्येक इंचाला चांदी लावायचा आग्रह धरू नका. रेल, हेडबोर्डची कड, लॉकरचा वरचा भाग आणि मूठ, म्हणजे हात लागतो तिथे पुरे.

कामगारांसाठी: टीईओएसची वाफ डोळ्यांना जाळते आणि मिश्रण ज्वालाग्राही आहे, म्हणून वेल्डिंगपासून दूर, एक्झॉस्ट चालू ठेवून, सेंद्रिय वाफेच्या कार्ट्रिजचा मास्क घालून फवारा, साधा कापडी मास्क निरुपयोगी. ओला माल थेट गरम ओव्हनमध्ये घालू नका, आधी आयसोप्रोपेनॉल उडून जाऊ द्या. सिल्व्हर नायट्रेट हाताला लागले तर काळे डाग पडतात, डोळ्यात गेले तर इजा गंभीर. चांदीच्या द्रावणात अमोनिया घालून ठेवू नका. वाळल्यावर ते स्फोटक होऊ शकते.

गन आणि भांडी धुतलेले पाणी नाल्यात सोडायचे नाही. चांदी सांडपाणी प्रकल्पातल्या उपयोगी जिवाणूंनाही मारते, आणि भोसरीचे पाणी शेवटी नदीलाच मिळते. आधी सॉल्व्हंटचा भाग वेगळ्या ड्रममध्ये काढा. उरलेल्या पाण्यात साधे मीठ घाला, लिटरला ५ ग्रॅम पुरते, त्याहून जास्त घातले तर साका पुन्हा थोडा विरघळतो. पांढरा सिल्व्हर क्लोराइड रात्रभर गडद डब्यात बसू द्या, गाळून वाळवा आणि बाटलीत साठवा. तो चांदी परत काढणाऱ्याकडे जातो; सॉल्व्हंटचा ड्रम आणि वरचे पाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाने मान्य केलेल्या घातक कचरा विल्हेवाट यंत्रणेकडे, मॅनिफेस्ट (कचरा वाहतुकीचे नोंदपत्र) भरून.